औषधदानापासून संशोधनवृत्तीपर्यंत : चंद्रपूर-गडचिरोलीतील एक इतिहास

वैनगंगेच्या पश्चिमेस चंद्रपूर आणि पूर्वेस गडचिरोली असे दोन जिल्हे आज नकाशावर दिसतात. परंतु २६ ऑगस्ट १९८२ पूर्वी हा सारा प्रदेश एकाच चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. पश्चिमेकडे कोळशाच्या खाणी, बल्लारपूरचा कागद कारखाना आणि औष्णिक वीज केंद्र. पूर्वेकडे साग, मोह, तेंदू आणि बांबूचे विस्तीर्ण अरण्य व त्यात वसलेल्या गोंड, माडिया बांधवांच्या वस्त्या. भद्रावतीच्या पार्श्वनाथ तीर्थामुळे देशभरातील श्रावक-श्राविकांना या भूमीचा परिचय आहे. तीर्थाला येणाऱ्या यात्रेकरूंपैकी थोड्यांनाच हे ठाऊक असते, की येथून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या परिसरात झालेल्या संशोधनाने देशोदेशींच्या नवजात बालकांवरील उपचारांची पद्धत बदलली. त्या संशोधनाला पैसा कोणी दिला, कसा दिला आणि का दिला, हा विषय वैद्यकाइतकाच दानाच्या इतिहासाचाही आहे.

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान हे दानाचे चार प्रकार समाजात लहानथोरांना परिचित आहेत. धर्मार्थ दवाखाने, नेत्रशिबिरे, रुग्णवाहिका, धर्मशाळा यांच्या रूपाने औषधदानाची परंपरा अखंड चालू आहे. शास्त्रदानाची परंपरा ग्रंथभांडारे, पाठशाळा आणि विद्यार्थी वसतिगृहे यांतून दिसते. नवे औषध किंवा नवी उपचारपद्धती शोधणाऱ्या तरुण वैद्याला काही वर्षे निर्वेधपणे काम करता यावे म्हणून दिलेले दान या दोन्ही प्रकारांत बसते आणि तरीही दोन्हींच्या यादीत सहसा आढळत नाही. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. दवाखान्याची इमारत दिसते, तिच्यावर संगमरवरी फलक लागतो. संशोधकाला दिलेल्या तीन वर्षांच्या वेतनाचा फलक कोठे लावणार?

पूर्वसूरी

असे दान भारतात अगदीच अपरिचित होते असे मात्र नाही. मुंबईचे जैन श्रेष्ठी प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) यांचे नाव राजाबाई टॉवरमुळे सर्वांच्या ओठी आहे. मातोश्रींना सूर्यास्तापूर्वी भोजनाची वेळ कळावी म्हणून हा मनोरा बांधला, ही आख्यायिकाही सर्वश्रुत आहे. त्याच शेठजींनी १८६६ साली कलकत्ता विद्यापीठाला दोन लाख रुपये दिले आणि त्यांच्या व्याजातून ‘प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती’ सुरू झाली. पदवी संपादन केलेल्या बुद्धिमान तरुणाला पुढील अध्ययनासाठी ही शिष्यवृत्ती मिळे. सर आशुतोष मुखर्जी हे तिचे मानकरी होते. पुढे ही शिष्यवृत्ती संशोधनाशी जोडली गेली. यातील एक तपशील मुद्दाम ध्यानात घेण्याजोगा आहे. १८६५ च्या कापूस आणि शेअर बाजाराच्या कोसळण्यात प्रेमचंद शेठ स्वतः आर्थिकदृष्ट्या पार खचले. पण विद्यापीठाच्या हाती एकदा सोपविलेला निधी सुरक्षित राहिला. दात्याच्या व्यवसायाची भरती-ओहोटी आणि विद्यार्थ्याची वृत्ती यांची फारकत करणारी स्थायी निधीची व्यवस्था किती दूरदर्शी असते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

वैद्यकीय संशोधनापुरते पाहिले, तर इंग्लंडमध्ये १९०९ साली सर ऑटो बाइट यांनी दिवंगत बंधू आल्फ्रेड यांच्या स्मरणार्थ तरुण संशोधकांसाठी वृत्ती स्थापन केली. फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांना तरुणपणी ही वृत्ती मिळाली होती. पुढे १९६० साली त्यांना नोबेल पारितोषिक प्राप्त झाले. आपल्याकडे सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. दोराबजींनी पुढच्याच वर्षी त्यांच्या नावे न्यास स्थापिला. त्याच्या उत्पन्नाचा चार-पंचमांश भाग जगातील कोणत्याही देशात रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्यांसाठी आणि उरलेला एक-पंचमांश भारतातील वैज्ञानिक संशोधनासाठी राखून ठेवला. स्वतःचे दुःख एका रोगाशी निगडित होते म्हणून त्या रोगावरील संशोधनाला पैसा दिला, एवढेच नव्हे, तर संशोधक आपल्या देशाचा, आपल्या धर्माचा असावा, अशी अटही घातली नाही. त्या काळी हे औदार्य विरळच होते.

दात्याने अट घालावी की नाही, हा प्रश्न येथे आपोआप उपस्थित होतो. मुंबईचे शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले, तेव्हा देणगीदारांच्या विश्वस्तांनी अध्यापक भारतीयच असावेत अशी अट घातली होती. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात वरिष्ठ पदे इंग्रजांकडेच असण्याच्या त्या काळात या अटीने भारतीय डॉक्टरांच्या एका पिढीला शिकविण्याची आणि संशोधनाची संधी मिळवून दिली. अट वाईट असते असे म्हणता येत नाही. ती कोणत्या गोष्टीवर घातली आहे, हे पाहावे लागते.

वरोऱ्याचे चौदा रुपये

चंद्रपूर जिल्ह्यापुरता विचार केला, तर दान आणि वैद्यक यांच्या संगमाची पहिली मोठी कथा वरोऱ्याची आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि १९५१ साली आनंदवनाचा आरंभ झाला. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये ही त्या आरंभाची शिदोरी महाराष्ट्राला पाठ आहे. बाबांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले आणि कुष्ठरोगाच्या जंतूंची वाढ अभ्यासण्यासाठी स्वतःचे शरीर प्रयोगाला दिले होते, हे तुलनेने कमी सांगितले जाते. संशोधनासाठी धन देणारे पुष्कळ मिळतील, देह देणारा विरळा. तो प्रयोग यशस्वी झाला नाही. परंतु संशोधनात अयशस्वी प्रयोगालाही हिशेबात धरावे लागते, आणि दात्यांना हीच गोष्ट पचविणे जड जाते.

आनंदवनाच्या मित्रमेळाव्यांतून महाराष्ट्रभर लहान-लहान देणगीदारांचे जाळे विणले गेले. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया बांधवांची रुग्णसेवा हाती घेतली, तेव्हा हे जाळे उपयोगी पडले. ही दोन्ही कामे प्रामुख्याने सेवेची होत. मरणोन्मुख रुग्ण समोर असताना डॉक्टरने आधी त्याला वाचवावे, हेच योग्य. मात्र, याच रोगाने इतकी माणसे का मरतात, हा प्रश्न विचारण्यास त्या धकाधकीत वेळ कोणाला असणार?

गोदामातील प्रयोगशाळा

हा प्रश्न विचारण्याच्या हेतूनेच एक तरुण दांपत्य गडचिरोलीत आले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे वैद्यकीय शिक्षण नागपूरला झाले. डॉ. अभय औषधवैद्यक शास्त्रात आणि डॉ. राणी स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात पदव्युत्तर. वर्धा परिसरात काही वर्षे काम केल्यानंतर दोघांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि १९८४ मध्ये ते मायदेशी परतले. १९८६ साली त्यांनी ‘सर्च’ या संस्थेच्या रूपाने गडचिरोलीत कामास आरंभ केला. जिल्हा निर्माण होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती. तेंदूपत्त्याचे एक गोदाम हेच त्यांचे पहिले कार्यालय आणि प्रयोगशाळा ठरले. उन्हाळ्यातील तेंदूच्या हंगामात अशी गोदामे पुड्यांनी कशी खचाखच भरतात, हे येथील व्यापारी मंडळींना सांगावयास नको. त्याच जागेत सूक्ष्मदर्शक मांडले गेले.

आरंभी सिकलसेल या रक्तविकाराचा अभ्यास झाला. आजार या भागात पुष्कळ आढळला खरा. पण लोकांच्या दृष्टीने तो त्यांचा पहिला प्रश्न नव्हता, हेही त्यातून उमगले. संशोधकाचे कुतूहल आणि लोकांची निकड नेहमी एकच नसते, हा धडा या तरुणांना फार लवकर मिळाला. यानंतर त्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले; दर स्त्रीमागे सरासरी ३.६ आजार होते. आणि यापूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया आठ टक्क्यांहूनही कमी होत्या. जानेवारी १९८९ मध्ये हा निबंध ‘लॅन्सेट’ या सुप्रसिद्ध ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कुटुंबनियोजनापलीकडे ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा काही प्रश्न असतो, हे तोवर धोरणकर्त्यांच्या गणतीतच नव्हते. निबंधाच्या लेखकांत गडचिरोलीतील स्थानिक सहकाऱ्यांचीही नावे आहेत, ही गोष्ट संशोधनविश्वात आजही अपवादात्मक म्हणावी लागेल.

पाठोपाठ बालकांच्या न्यूमोनियाचा अभ्यास झाला. ५८ गावांत गावपातळीवरील आरोग्यसेवक आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखून औषध देण्याचे शिक्षण दिले. ४४ गावे तुलनेसाठी ठेवली. निरक्षर सुईणीला मिनिटातील श्वास कसे मोजता येणार? त्यासाठी मण्यांची एक साधी पाटी व वाळूचे घड्याळ तयार केले गेले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी ठरावीक मणी सरकले तर बाळाला न्यूमोनिया. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, तुलनेच्या गावांत न्यूमोनियामुळे दर हजार बालकांमागे १७.५ मृत्यू होत असताना, उपचाराच्या गावांत ते ८.१ वर आले होते.

दोन टक्के आणि चौपन्न टक्के

त्यापुढील प्रयत्न अधिक कठीण होता. बालमृत्यूंपैकी मोठा वाटा जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांचा असतो. अशा बालकांना रुग्णालयातच न्यावे, हा त्या काळचा शास्त्रीय संकेत. परंतु कमरेएवढ्या पाण्याचा नाला ओलांडून, पाच दिवसांच्या बाळंतिणीने, कोणत्या रुग्णालयात जावे? शिवाय बाळंतीण व बाळ यांना घराबाहेर न नेण्याची रूढी. १९९३ साली शोधग्राम या चातगावजवळच्या वसाहतीत संस्थेचे काम स्थिरावत असतानाच ३९ गावांत आरोग्यसेवेची आणि ४७ गावांत तुलनेची मांडणी झाली. प्रत्येक गावातील एक स्त्री ‘आरोग्यदूत’ म्हणून निवडली गेली. पहिली दोन वर्षे मुख्यत्वे जन्म-मृत्यूंच्या अचूक नोंदीत गेली. तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९५–९६ मध्ये, आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन ७६३ नवजातांचे बारकाईने निरीक्षण केले.

त्या निरीक्षणांतील आकडे आजही अस्वस्थ करतात. ५४.४ टक्के बाळांना वैद्यकीय उपचारांची गरज होती. प्रत्यक्षात डॉक्टरी उपचार मिळाले २.६ टक्क्यांना. चाळीस बाळे दगावली, त्यांपैकी ३८ घरीच. निरीक्षणाच्या अशा वर्षाबद्दल कोणाच्याही मनात प्रश्न उभा राहील: पाहणारी आरोग्यदूत तेथे होती, मग बाळ वाचले का नाही? उत्तर कटू आहे. कोणत्या बाळाला काय होते आहे आणि घरच्या घरी काय करता येईल, हे शास्त्राला तोवर ठाऊकच नव्हते. ते ठाऊक होण्यासाठी हे वर्ष लागले. १९९६ पासून जंतुदोषाच्या उपचारांसह संपूर्ण घरपोच सेवा सुरू झाली. पाच ते दहा इयत्ता शिकलेली गावची स्त्री बाळाचे वजन करू लागली, गुदमरलेल्या बाळाला श्वास देऊ लागली आणि आवश्यक तेव्हा आईबापांच्या संमतीने प्रतिजैविकाचे इंजेक्शनही. ४ डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. दर बाळामागील खर्च सुमारे पाच अमेरिकी डॉलर.

आता दानाचा प्रश्न. १९९३ पासून १९९८ पर्यंत या कामाला पैसा कोठून आला? प्रामुख्याने फोर्ड फाउंडेशन आणि मॅकआर्थर फाउंडेशन या दोन अमेरिकी न्यासांकडून. एकाचे मूळ मोटारींच्या कारखान्यात, दुसऱ्याचे शिकागोच्या विमा व्यवसायात. डेट्रॉइटच्या मोटारींचा आणि शिकागोच्या विम्याचा पैसा धानोरा तालुक्यातील बाळांपर्यंत पोहोचला, ही गोष्ट कौतुकाची आहे. तशीच ती विचारात पाडणारीही आहे. नागपूर, चंद्रपूर, वणी, हिंगणघाट येथे कापूस, कोळसा, तांदूळ, लाकूड यांच्या व्यापारात पिढ्यान्‌पिढ्या धन निर्माण झाले. त्यातून मंदिरे, शाळा, दवाखाने उभे राहिले. तीन वर्षे नुसत्या नोंदी करणाऱ्या तरुणांना मात्र त्या धनाने आश्रय दिला नाही. देणाऱ्यांची वृत्ती कोती होती, असा याचा अर्थ नव्हे. त्यांच्याकडे कोणी या कामासाठी मागितलेच नाही आणि मागितले असते तरी ते कोणत्या शीर्षाखाली द्यावे, याची रीत नव्हती.

रीत नसली की तरुण डॉक्टर काय करतो, याचे दुसरे उदाहरण कोकणातले आहे. नागपूरच्याच वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने रुग्ण मरताना ते पाहत होते. त्यांनी प्रत्येक रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध या विषबाधेवर गुणकारी असल्याचे दाखविले. ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे लेखन १९८२ आणि १९८६ साली प्रसिद्ध झाले. पूर्वी अशा रुग्णांपैकी सुमारे चाळीस टक्के दगावत. उपचारांनंतर ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. हे संशोधन बव्हंशी स्वतःच्या पगारातून व प्रपंचाला चिमटा घेऊन झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या जिद्दीला वंदनच करावे. पण शंभरातील किती डॉक्टरांनी अशा परिस्थितीत प्रश्नच सोडून दिला असेल, याची नोंद कोठेही नसते.

तरुणांची पुढली फळी

२००६ साली शोधग्राममध्ये ‘निर्माण’ हा युवा उपक्रम सुरू झाला. त्यातून अनेक एम.बी.बी.एस. डॉक्टरांनी गडचिरोलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि संस्थेत काम केले. संशोधनाचे क्षेत्रही विस्तारले. अमेरिकेत मेंदुविकारांचे शिक्षण घेतलेले डॉ. योगेश्वर काळकोंडे गडचिरोलीत आले आणि त्यांनी ८६ गावांतील मृत्यूंचा अभ्यास केला. ज्या भागात हिवताप आणि कुपोषण हेच मोठे रोग मानले जात, तेथे पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण ठरत होते. एकूण मृत्यूंपैकी १४ टक्क्यांहून अधिक. २०१५ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुढे पक्षाघात टाळण्याच्या उपायांवर त्यांनी येथे केलेल्या कामाला भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांच्या संयुक्त ‘इंडिया अलायन्स’ची संशोधनवृत्ती लाभली. २००८ साली सुरू झालेली ही योजना वैद्यकीय संशोधकाला कारकिर्दीच्या सुरुवातीला, मध्यावर आणि प्रौढपणी अशा निरनिराळ्या टप्प्यांवर साहाय्य करते. सर हेन्री वेलकम यांनी आपल्या औषध कंपनीची मालकी मृत्युपत्राने न्यासाकडे सोपविली, त्या १९३६ सालच्या दानाचे हे गडचिरोलीपर्यंत आलेले फळ.

दरम्यान, घरपोच नवजात सेवेचा विस्तार झाला. महाराष्ट्रात सात ठिकाणी ‘अंकुर’ प्रकल्पातून ती पडताळली गेली. बांगलादेशातील सिल्हेट जिल्ह्यात झालेल्या चाचणीत मृत्युदर ३४ टक्क्यांनी घटल्याचे २००८ साली दिसले. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी घरभेटींची संयुक्त शिफारस केली. २०११ साली भारत सरकारने ही सेवा आशा कार्यकर्तींच्या मार्फत देशभर लागू केली. बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत सहा-सात भेटी दिल्यास आशाताईला अडीचशे रुपये मानधन ठरले. तेंदूच्या गोदामापासून येथवर पंचवीस वर्षे लागली.

वृत्तीचा निधी उभारताना

अलीकडच्या काळात दानाच्या वाटाही बदलल्या. कंपनी कायदा २०१३ अन्वये १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यासाठी खर्च करणे आले. २०२० साली विदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, परदेशातून आलेली देणगी एका संस्थेने दुसरीस देण्यास मनाई झाली. वैज्ञानिक संशोधन संस्थांना दिलेल्या देणगीवर एके काळी आयकरात १७५ टक्के वजावट मिळे. ती २०१७ मध्ये १५० आणि २०२० मध्ये १०० टक्क्यांवर आली. ज्या पैशावर १९९० च्या दशकात गडचिरोलीचे संशोधन उभे राहिले, तो मिळणे आता पूर्वीइतके सुकर नाही. साहजिकच, स्थानिक न्यासांच्या निधीला पूर्वी कधी नव्हते एवढे मोल आले आहे.

न्यासांच्या कारभाराचा अनुभव असलेल्यांना हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. एका तरुण डॉक्टरला वर्षाला सहा लाख रुपये वृत्ती द्यायची आणि व्याजदर सहा टक्के धरायचा, तर एक कोटीचा स्थायी निधी हवा. मात्र वृत्ती म्हणजे केवळ वेतन नव्हे. क्षेत्रभेटींचा प्रवास, दोन-तीन स्थानिक सहायक, वजनकाटे, रक्ततपासणी, नोंदींचे संगणकीकरण हा खर्च वेतनाइतकाच होतो, कित्येकदा अधिक. वृत्ती दिली आणि हा खर्च दिला नाही, तर संशोधक कार्यालयात बसून राहतो. दुसरी गोष्ट मुदतीची. वर्षाच्या वृत्तीत वर्षाचेच प्रश्न विचारले जातात. गडचिरोलीचा नवजात अभ्यास वार्षिक नूतनीकरणाच्या भरवशावर असता, तर दुसऱ्या वर्षी तो बंद पडला असता. कारण तेव्हा दाखवायला नोंदवह्यांखेरीज काहीच नव्हते. निदान तीन वर्षांचे वचन, तेही लेखी, असल्याखेरीज या दानाला अर्थ नाही. स्थायी निधीसाठी दात्याचा तसा लेखी निर्देश लागतो आणि न्यासपत्राच्या उद्दिष्टांत संशोधन बसते की नाही, हेही आरंभीच पाहावे लागते. पुष्कळ जुन्या न्यासपत्रांत ‘वैद्यकीय मदत’ एवढेच शब्द आढळतात.

निवड कोणी करावी, हा नाजूक विषय आहे. विश्वस्तांच्या नातलगाचा मुलगा डॉक्टर आहे, त्याला वृत्ती द्या, असा आग्रह होणारच नाही, असे कोणी मानू नये. यासाठी निवड समितीत न्यासाबाहेरचे जाणकार वैद्यकीय संशोधक बहुसंख्य असणे हाच उपाय. मानवी सहभागाच्या प्रत्येक संशोधनाला नीतिसमितीची संमती लागते. त्याविषयी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे उपलब्ध आहेत. जेथे माडिया स्त्री मराठीही जेमतेम बोलते, तेथे तिची संमती तिच्या भाषेत घेतली गेली का, हे विचारण्याचा अधिकार दात्याला आहे, किंबहुना ते त्याचे कर्तव्य आहे.

आणखी एक प्रश्न समाजातील अनेकांच्या मनात असतो आणि तो संकोचाने विचारला जातो. वैद्यकीय संशोधनात प्राण्यांवर प्रयोग होतात. मग या दानाने हिंसेला हातभार लागणार नाही काय? शंका अस्थानी नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० खाली अशा प्रयोगांवर देखरेखीसाठी स्वतंत्र समितीही नेमलेली आहे. परंतु वर वर्णिलेल्या संशोधनाकडे पाहावे. वसा-अमिर्झातील तपासणी, न्यूमोनियाचे मणी, नवजातांच्या घरभेटी, पक्षाघाताच्या नोंदी, विंचूदंशाच्या रुग्णांची शुश्रूषा, या कोठेही प्राण्यावर प्रयोग नाही. माणसांमध्ये जाऊन, त्यांच्या संमतीने, त्यांना जे होते आहे ते पाहणे आणि मोजणे, एवढेच त्याचे साधन. केवळ अशाच लोकाधारित आणि रुग्णाधारित संशोधनासाठी निधी वापरला जाईल, अशी अट न्यासाने घातली, तर ती संशोधकाला अडसर ठरत नाही. निष्कर्ष अमुकच निघावा किंवा अमुक आकडा जाहीर करू नये, अशी अट मात्र दान आणि संशोधन या दोहोंचाही घात करते.

विषयांची वाण या दोन जिल्ह्यांत नाही. हिवतापाने गडचिरोलीची पाठ सोडलेली नाही. सिकलसेलचे रुग्ण आहेत. तंबाखू आणि खर्रा यांचे व्यसन, खाणी व वीज केंद्रालगतच्या वस्त्यांतील श्वसनविकार, सर्पदंश, माडिया मातांचे पोषण, असे एकेक प्रश्न तरुण संशोधकाची वाट पाहत आहेत. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१८ साली आदिवासी आरोग्याचा अहवाल केंद्र सरकारला सादर केला. २०११ च्या जनगणनेनुसार दहा कोटींहून अधिक असलेल्या या समाजाच्या आरोग्याची स्वतंत्र माहितीच पुरेशी नाही, ही त्यातील एक ठळक खंत होती.

चंद्रपूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ साली सुरू झाले. गडचिरोलीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील अन्य नऊ महाविद्यालयांसमवेत उद्घाटित झाले. जिल्हानिर्मितीला तेव्हा बेचाळीस वर्षे झाली होती. तेथील पहिली तुकडी साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षाची आंतरवासिता पूर्ण करून २०३० च्या सुमारास बाहेर पडेल. एखाद्या न्यासाने आज ठराव केला, तर न्यासपत्रातील दुरुस्ती, धर्मादाय आयुक्तांची मान्यता, निधीसंकलन आणि निवड समितीची रचना यांसही अवधी लागतो.